मनाची विचारपूस: कामाच्या ठिकाणच्या प्रशिक्षणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकण, भोसरी, सातपूर, वाळूज इथल्या कारखान्यांत आणि काही बँकांच्या शाखांत मी गेली काही वर्षं एक प्रशिक्षण घेते. सुपरवायझर, लाइन लीडर, टाइम ऑफिसमधली माणसं, शाखाधिकारी, युनियनचे प्रतिनिधी अशी मंडळी समोर असतात. सहकाऱ्याचं मन आजारी पडतंय हे ओळखायचं कसं आणि ओळखल्यावर करायचं काय, एवढाच विषय. चहाच्या सुट्टीत, जिन्यात, कधी रात्री उशिरा फोनवर जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात ते इथे एकत्र केले आहेत.

आत्ता या घडीला कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटत असेल तर पुढचं वाचत बसू नका. त्या माणसाला एकटं सोडू नका आणि १०८ किंवा ११२ ला फोन लावा. नुसतं बोलायचं असेल तर टेली-मानसचा क्रमांक १४४१६ आहे. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येतं.

आम्ही डॉक्टर नाही. मग हे आम्हाला कशाला शिकवता?

डॉक्टर नाही म्हणूनच. डॉक्टरकडे माणूस आजार बळावल्यावर जातो, तुमच्या शेजारी तो रोज आठ तास उभा असतो. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार होता आणि बहुतेक विकारांमध्ये दर दहांतले सात ते नऊ जण उपचारांपर्यंत पोचलेलेच नव्हते. महाराष्ट्र त्या बारा राज्यांत नव्हता, पण आपल्याकडचं चित्र फार वेगळं असेल असं मानायला मला कारण दिसत नाही. शंभर माणसांच्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या एका विभागात, दहा जणांना त्रास आहे आणि त्यातले सात-आठ जण उपचारांपर्यंत पोचलेले नाहीत, असा हिशेब डोळ्यांसमोर ठेवा.

ही कल्पना नवी नाही. ऑस्ट्रेलियात बेटी किचनर आणि त्यांचे पती अँथनी जॉर्म यांनी २००० साली सामान्य माणसांसाठी मानसिक प्रथमोपचाराचा अभ्यासक्रम सुरू केला. किचनर स्वतः नैराश्यातून गेलेल्या होत्या. हात कापला तर काय करायचं हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक असतं, मन ढासळलं तर कुणालाच नाही, ही उणीव त्यांनी भरायला घेतली. प्रथमोपचार पेटी उघडणारा माणूस टाके घालत नाही. रक्त थांबवतो आणि दवाखान्यापर्यंत सोबत जातो. तुमचं कामही तेवढंच आहे.

नेमकं बघायचं काय?

बदल बघायचा. एखादा मुळातच अबोल असेल तर त्याचं गप्प बसणं हे लक्षण नाही. पण कँटीनमध्ये सगळ्यांना हसवणारा माणूस तीन आठवडे कोपऱ्यात बसून जेवत असेल तर आहे. म्हणून माणूस आधी कसा होता हे ज्याला माहीत आहे, त्याची नजर कुठल्याही प्रश्नावलीपेक्षा तीक्ष्ण असते.

एका कारखान्यात एका लाइन लीडरने मला सांगितलेली गोष्ट मी प्रत्येक वर्गात सांगते. त्यांच्याकडचा एक ऑपरेटर रोज डबा उघडायचा, दोन घास खायचा आणि झाकण लावायचा. परत जाताना डबा जड. पंधरा दिवस हे चाललं होतं. कामात चूक नव्हती, हजेरी चोख होती, म्हणून कुठल्याही कागदावर काही दिसत नव्हतं. डबा मात्र दिसत होता. त्यांनी विचारलं आणि तो माणूस तिथेच रडायला लागला.

अशा खुणा कामाच्या ठिकाणी पसरलेल्या असतात. सोमवारचे खाडे वाढतात. कधी लेट मार्क नसलेला माणूस गेट बंद होताना धावत येतो. आकडे दोनदा लिहिले जातात, रिजेक्शन म्हणजे नापास होणारा माल वाढतो, साध्या बोलण्यावर भडका उडतो. कपड्यांकडे, दाढीकडे लक्ष राहत नाही. हातउसने पैसे मागणं सुरू होतं. काहींच्या बाबतीत उलटं होतं, ते जास्तच काम करायला लागतात, डबल शिफ्ट मागून घेतात, कारण घरी जायचं नसतं. या शेवटच्या गटाला आपण शाबासकी देतो आणि तिथेच चुकतो.

दुसरी गोष्ट कानांनी टिपायची. ‘मला नैराश्य आलंय’ असं शॉपफ्लोअरवर मी आजवर एकदाही ऐकलेलं नाही. लोक म्हणतात, मन लागत नाही. डोकं जड झालंय. अंगात त्राण नाही. छातीत धडधडतं. कशातच राम नाही. रात्री दोनला जाग येते ती येतेच. पुष्कळदा तक्रार पूर्णपणे शरीराची असते, अ‍ॅसिडिटी, पाठ, मान, मुंग्या. फॅक्टरीच्या दवाखान्यात त्याच माणसाच्या नावापुढे महिन्यात चौथ्यांदा अ‍ॅसिडिटीची गोळी लिहिलेली असेल तर कंपाउंडरने थांबून विचारायला हवं. इंग्रजी स्लाइड्सवर घेतलेलं प्रशिक्षण इथेच पडतं. त्यात आजारांची नावं असतात, ही वाक्यं नसतात.

साधा ताण कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो?

ते ठरवणं तुमच्याकडे नाही, डॉक्टरांकडे आहे. तुमच्यासाठी दोन खुणा पुरेत. बहुतेक दिवस तसेच जाऊन दोन आठवडे झाले आहेत का, आणि झोप, जेवण, काम, घर यांपैकी काही अडलंय का. दोन्हीचं उत्तर हो असेल तर डॉक्टरांकडे पाठवायची वेळ झाली आहे. जिवाचा प्रश्न असेल तर मात्र दोन आठवडे मोजायचे नाहीत.

बर्नआउटबद्दल, म्हणजे कामाने पार थकून जाण्याबद्दल, फार विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या आजार-वर्गीकरणात त्याची नोंद आजार म्हणून नाही, कामाशी जोडलेली एक स्थिती म्हणून आहे. कामाच्या ठिकाणचा दीर्घ ताण नीट हाताळला गेला नाही की ती येते. म्हणजे तिथे माणसाला गोळी देण्याआधी कामाकडे बघावं लागतं.

विचारायचं कसं? नाक खुपसल्यासारखं वाटतं.

सगळ्यांना वाटतं. पण आपल्याकडे विचारपूस हा शब्द आहे आणि तो प्रेमाचा आहे. आजारी माणसाला भेटायला जाताना आपण परवानगी मागत नाही.

जागा आधी बघा. केबिनमध्ये बोलावलं की माणसाला मेमोच आठवतो. मशीनच्या आवाजात, चार लोकांत विचारू नका. कंपनीच्या बसची वाट बघताना, पार्किंगमध्ये, चहाच्या टपरीपर्यंत चालत जाताना बोलणं सोपं जातं, कारण दोघेही समोर बघत असतात. डोळ्यांत डोळे घालून बोलायला फार कमी जणांना जमतं.

मग जे दिसलं ते सांगा. निदान सांगू नका. ‘दादा, दहा-बारा दिवस बघतोय, तुम्ही डबा तसाच परत नेताय. झोपही झालेली दिसत नाही. काय चाललंय?’ एवढंच. ‘तुम्ही डिप्रेशनमध्ये आहात का’ असं विचारलं की समोरचा नाही म्हणतो आणि दार लागतं. डबा मात्र त्याला नाकारता येत नाही.

पहिल्यांदा उत्तर बहुतेक वेळा ‘काही नाही, सगळं ठीक आहे’ असंच येतं. तिथे माघार घेऊ नका आणि खोदूही नका. ‘बरं. पण कधी वाटलं तर मी आहे, परवा परत विचारीन’ म्हणा आणि परवा खरंच विचारा. माझ्या अनुभवात माणसं दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेळी बोलतात. पहिल्या वेळी ती तुम्हाला जोखत असतात.

बोलायला लागला की गप्प राहायचं. हे प्रशिक्षणातलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे आणि आम्ही त्यावर सर्वांत जास्त वेळ घालवतो. जोड्या करून चार मिनिटं एकाने बोलायचं, दुसऱ्याने सल्ला न देता ऐकायचं. वीस वर्षं माणसं सांभाळलेले सुपरवायझर दीड मिनिटात सल्ल्यावर येतात. सवय आहे ती, समस्या आली की सोडवायची. इथे मात्र आधी ऐकून घेणं हीच मदत असते. ‘मग?’, ‘फार जड गेलं असेल’, ‘कधीपासून?’ एवढे शब्द पुरतात.

काय बोलू नये?

‘मन घट्ट कर.’ ‘सगळ्यांनाच असतं.’ ‘तुला काय कमी आहे?’ ‘बायकोसारखा रडतोस काय?’ ‘योगा कर, होईल बरं.’ व्यायामाचा उपयोग होतो, खरं आहे, पण ज्याला सकाळी अंथरुणातून उठवत नाही त्याला सूर्यनमस्कार सांगितले की आपण तेवढंही करू शकत नाही अशी आणखी एक टोचणी लागते. आणि माघारी ‘येरवड्याला पाठवा’ किंवा ‘ठाण्याची केस’ असले विनोद तुमच्या सेक्शनमध्ये चालत असतील तर ते आजच बंद करा. ज्याला त्रास आहे तो ते ऐकत असतो आणि तोंड न उघडायचं ठरवत असतो.

कुणी ‘जगावंसं वाटत नाही’ म्हणालं तर?

हा प्रश्न विचारताना खोलीतले आवाज खाली येतात. म्हणून सावकाश सांगते.

पहिली गोष्ट, असं बोलणं हलक्यात घेऊ नका. ‘बोलणारे करत नाहीत’ हा समज साफ चुकीचा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे आणि राज्यांमध्ये सर्वांत जास्त, २२,७४६, महाराष्ट्रात. यातल्या कित्येकांनी आधी कुणाकडे तरी काहीतरी बोललेलं असतं. कधी स्पष्ट, कधी आडून. ‘माझ्यामागे पोरांचं बघाल ना?’ ‘आता फार दिवस त्रास देणार नाही.’ देणी-घेणी मिटवणं, आवडती वस्तू देऊन टाकणं, आणि कित्येक आठवड्यांच्या तगमगीनंतर अचानक शांत होणं, हेही तसंच बोलणं असतं.

दुसरी गोष्ट, थेट विचारा. ‘जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ या शब्दांत विचारा. विचारल्याने डोक्यात कल्पना शिरते अशी भीती प्रत्येक वर्गात कुणीतरी बोलून दाखवतं. यावर अभ्यास झाले आहेत आणि विचारल्याने धोका वाढल्याचं त्यांत दिसत नाही. उलट बहुतेकांना हायसं वाटतं, कारण इतके दिवस एकट्याने वाहिलेली गोष्ट कुणीतरी न घाबरता उच्चारलेली असते. प्रश्न असा मात्र विचारू नका: ‘तसलं काही डोक्यात नाही ना?’ त्याचं एकच उत्तर तुम्हाला हवंय हे त्याला कळतं.

हो म्हणाला, तर प्रवचन देऊ नका. आईवडील, मुलं, पाप यांची आठवण करून देऊ नका. त्याला आधीच अपराधी वाटतंय. त्याने काही ठरवलंय का, कधी, ते विचारा. ठरवलं असेल तर तो क्षणभरही एकटा राहता कामा नये. आणखी एका सहकाऱ्याला सोबत घ्या. तुम्हा दोघांपैकी एकाने त्याच्यासोबत बसायचं, दुसऱ्याने घरच्या विश्वासाच्या माणसाला आणि कंपनीच्या डॉक्टरांना कळवायचं, आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात घेऊन जायचं. घातक वस्तू त्याच्या हाताशी राहणार नाहीत हे बघायचं, घरीसुद्धा. त्याला एकट्याला बाइकवरून घरी पाठवायचं नाही.

‘कुणाला सांगू नका, शपथ आहे’ असं तो म्हणेल. ही एक शपथ घ्यायची नाही. ‘बाकी सगळं माझ्याजवळ राहील, पण तुमच्या जिवाचा प्रश्न आहे तिथे मी गप्प बसणार नाही’ असं तोंडावर सांगा. राग आला तरी चालेल. राग नंतर निवतो.

हे पोलिसात जाईल का?

आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला शिक्षा होण्याची भीती अजून लोकांच्या मनात आहे आणि त्यापायी उपचार लपवले जातात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरलं जातं, तसं नसल्याचं सिद्ध होईपर्यंत त्याच्यावर खटला चालवता येत नाही, आणि त्याची काळजी घेणं, उपचार व पुनर्वसन करणं हे सरकारचं कर्तव्य मानलं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं ३०९ कलम राहिलेलं नाही. सरकारी कर्मचाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतं एक वेगळं कलम आहे.

कुणाला अचानक दम लागला, घाम फुटला, ‘मी मरतोय’ म्हणायला लागला तर?

पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक येणारा तीव्र भीतीचा झटका, असू शकतो, हृदयविकारही असू शकतो. पहिल्यांदाच होत असेल तर हृदयविकार धरून चला आणि दवाखान्यात न्या. डॉक्टरांनी तपासून पॅनिक अटॅक आहे असं आधी सांगितलेलं असेल तर शांत जागी बसवा, गर्दी हटवा, तुम्ही सावकाश श्वास घ्या आणि त्याला तुमच्याबरोबर घ्यायला सांगा. साधारण दहा मिनिटांत तो कळसाला पोचतो आणि मग ओसरतो. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. फिट आलेल्यालाही नाही.

एखाद्याला भास होतात, सगळे आपल्याविरुद्ध कट करताहेत असं वाटतं. त्याला कसं समजवायचं?

समजवायचं नाही. वाद घातलात तर तुम्हीही कटातले ठरता. हो ला हो मात्र मिळवू नका. ‘मला तो आवाज येत नाही, पण तुम्हाला किती भीती वाटत असेल ते कळतंय’ एवढं म्हणा. मशीनपासून, उंचीवरून, फोर्कलिफ्टपासून त्याला हळूच दूर करा आणि घरच्यांना बोलवा. हा आजार मेंदूचा आहे, औषधांनी आटोक्यात येतो, आणि उपचार जितके लवकर सुरू होतील तितकं बरं.

दारूचं काय? आमच्याकडे खरा प्रश्न तोच आहे.

मान्य. आणि या प्रश्नाला मी मुद्दाम वेळ देते, कारण दारू आणि उदासी एकमेकांचा हात धरून येतात. काहीजण झोप येत नाही म्हणून प्यायला लागतात, मग पिण्यामुळे झोप जाते. वरून फक्त दारू दिसते, म्हणून मेमो आणि चार्जशीट निघतात आणि मुळातलं दुखणं तसंच राहतं.

कामावर पिऊन आलेल्या माणसाला मशीनवर उभं करायचं नाही, इथे तडजोड नाही. पण त्या अवस्थेत त्याच्याशी चर्चाही करू नका. सुखरूप घरी पोचवा, दुसऱ्या दिवशी उतरल्यावर बोला.

आता जिवावर बेतणारी एक गोष्ट, जी फार थोड्यांना माहीत असते. रोज पिणाऱ्याने एकदम दारू सोडली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात कापतात, घाम येतो, फिट येऊ शकते, नसलेल्या गोष्टी दिसतात, आणि वेळेत दवाखान्यात नेलं नाही तर मृत्यूही होऊ शकतो. हे आपल्याकडे कधी घडतं? श्रावण लागला की. गळ्यात माळ घातली की. घरी गणपती बसले की. माणसाने चांगला निश्चय केलेला असतो, घरचे खूश असतात, आणि चौथ्या दिवशी तो पाळीत असंबद्ध बोलायला लागतो. ‘नाटक करतोय’ किंवा ‘चोरून प्यायलाय’ असा समज होतो. तो नाटक करत नसतो, त्याला त्या क्षणी डॉक्टर हवा असतो. सोडायची आहे असं कुणी म्हणालं तर त्याची पाठ थोपटा आणि आधी डॉक्टरांकडे न्या. पुण्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करतंय, आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मराठी बैठका कित्येक शहरांत भरतात.

एचआरला सांगायचं की नाही?

एका कारखान्यात मी दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं. सगळे मनापासून शिकले. महिन्याभराने एका सुपरवायझरने आपल्या ऑपरेटरला विचारलं, त्याने विश्वासाने सांगितलं की गोळ्या चालू आहेत. सुपरवायझरने भल्यासाठीच वर कळवलं. आठवड्यात त्या ऑपरेटरचा ओव्हरटाइम बंद झाला, लाइन बदलली, आणि का ते सगळ्या शॉपला कळलं. पुढचं वर्षभर त्या कारखान्यात कुणी कुणाजवळ काही बोललं नाही. मी शिकवलेलं सगळं एका आठवड्यात धुऊन गेलं, आणि त्यात माझीही चूक होती. बोलून दाखवणाऱ्याचं पुढे काय होणार हे व्यवस्थापनाकडून लेखी ठरवून घेण्याआधीच मी लोकांना बोलायला शिकवलं होतं.

तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे. आधी व्यवस्थापनाबरोबर बसायचं. माहिती कुणाकडे जाईल, कुठे लिहिली जाणार नाही, पाळी किंवा काम बदलायचं असेल तर त्या माणसाला विचारूनच बदललं जाईल, पगार-बढतीशी याचा संबंध लागणार नाही, हे सगळं कागदावर. मगच वर्ग.

तुमच्यासाठी उत्तर असं: जिवाचा किंवा इतरांच्या सुरक्षेचा प्रश्न नसेल, तर त्या माणसाच्या संमतीशिवाय कुणालाही सांगायचं नाही. रजा किंवा पाळीबदल हवा असेल तर ‘तब्येतीचं कारण’ एवढंच पुरतं. कुठला आजार ते एचआरला कळायची गरज नसते. आणि त्रास छळामुळे असेल, लैंगिक असो वा जातीवरून, तर तो मानसिक आरोग्याचा विषय करून समुपदेशकाकडे ढकलू नका. त्याची तक्रार समितीत किंवा कायद्याच्या मार्गाने जायला हवी.

पुरुष सुपरवायझरने महिला कर्मचाऱ्याची विचारपूस करावी का?

करावी, पण एकांतात बोलावून नाही. लोक दिसतील पण ऐकू जाणार नाही अशी जागा निवडा, किंवा ‘तुम्हाला कुणा ताईंशी बोलायला आवडेल का’ असं विचारा. म्हणूनच प्रशिक्षणासाठी निवडलेल्यांत स्त्रिया पुरेशा हव्यात. बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या बाईकडे पहिले काही महिने लक्ष असू द्या. बाळंतपणानंतरचं नैराश्य ‘ओली बाळंतीण, असं होतंच’ म्हणून झाकलं जातं.

घरचे देवऋषाकडे नेतात. आम्ही मध्ये पडावं का?

श्रद्धेशी भांडू नका. मी म्हणते, देवाला जरूर जा, आणि डॉक्टरांची गोळीही चालू ठेवा. बहुतेक घरं हे ऐकतात. पण भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं, मारणं, चटके देणं चालू असेल तर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली तो गुन्हा आहे, तिथे गप्प बसू नका.

गोळ्या चालू असलेल्या माणसाला मशीनवर ठेवावं का?

डॉक्टर सांगतील तसं. काही औषधांनी सुरुवातीला झापड येते, मग रात्रपाळी, क्रेन, प्रेस यांपासून काही आठवडे दूर ठेवणं शहाणपणाचं. पण गोळी चालू आहे म्हणजे माणूस कामाला नालायक, हा निष्कर्ष चुकीचा आहे. मधुमेहाची गोळी घेणाऱ्याला आपण असं म्हणत नाही. नैराश्याच्या औषधांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागू शकतात हे त्याला आणि तुम्हाला दोघांना माहीत हवं, कारण नेमकी दहाव्या दिवशी माणसं ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडून देतात. बरं वाटलं म्हणून स्वतःहून बंद करणंही तितकंच वाईट.

खर्चाचं, रजेचं, नोकरीचं काय?

२०१७ च्या कायद्याने आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने स्थान दिलं आहे. कंपनीची मेडिक्लेम पॉलिसी वाचा, एचआरला विचारा. ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेच्या दीर्घ आजारांच्या यादीत सायकोसिस (भास-भ्रम होणारे गंभीर मानसिक आजार) आहे, अटी पूर्ण होत असतील तर नेहमीपेक्षा लांब काळ आजारपणाचा लाभ मिळतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे, आणि नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता किंवा खालच्या पदावर आणता येत नाही. सरकारी उपचारांसाठी जिल्हा रुग्णालय हे पहिलं दार. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत.

उपचार घेऊन माणूस परत कामावर आला. आता?

पहिल्या दिवशी गेटवर कुणीतरी ओळखीचं असू द्या. ‘बरे आहात ना, चला चहा घेऊ.’ कुठे होता, काय झालं, हे विचारू नका. इतरांना काय सांगायचं हे त्यालाच आधी विचारून ठेवा. सुरुवातीचे काही आठवडे रात्रपाळी नको, काम थोडं हलकं, पण अगदीच बिनकामाचं नको. खुर्चीवर नुसतं बसवून ठेवलेल्या माणसाला आपण निकामी झालो असंच वाटतं.

आमच्या शॉपमधला एकजण गेला. आम्ही काय चुकलो?

तुम्ही हे विचारताय यातच तुमचं दुःख आहे. आत्महत्येमागे एकच कारण नसतं आणि सगळ्या खुणा कुणालाच आधी दिसत नाहीत. आता जे हातात आहे ते करा. कसं केलं याचे तपशील आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू देऊ नका. ‘सुटला’ असं बोलू देऊ नका. जे त्याच्या सगळ्यांत जवळचे होते, जे त्या पाळीत होते आणि जे आधीपासून खचलेले आहेत, त्यांची वेगवेगळी विचारपूस करा, आणि ती दोन-तीन महिने करत राहा. दहाव्या-तेराव्यानंतर सगळे कामाला लागतात, एखाद-दुसरा तिथेच राहतो.

प्रशिक्षण किती तासांचं असावं आणि कुणी घ्यावं?

१० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन म्हणून सभागृहात दोनशे माणसं बसवून तासाभराचं भाषण ठेवतात. त्याने जागृती होत असेल, कौशल्य येत नाही. पोहणं भाषणाने येत नाही. वीस ते पंचवीस जणांचा गट, दोन दिवस किंवा चार अर्धे दिवस, निम्म्याहून जास्त वेळ प्रत्यक्ष सराव, आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा अर्धा दिवस. कामाच्या वेळेत, पगारी. रविवारी बोलावलं तर माणसं आधीच रागावून येतात. घेणारा मानसशास्त्रज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ किंवा मनोविकारातलं शिक्षण घेतलेला समाजकार्यकर्ता असावा, आणि त्याला शॉपफ्लोअरवरचं मराठी यावं. नुसत्या प्रेरणादायी वक्त्यावर हे काम सोपवू नका.

याचा खरंच उपयोग होतो का?

शिकणाऱ्याला होतो. त्याचं ज्ञान वाढतं, भीती कमी होते, विचारायचं बळ येतं, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. ज्याला मदत मिळाली त्याची तब्येत त्यामुळे सुधारली का? वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये या अभ्यासांचा आढावा घेतला तेव्हा ठाम म्हणता येईल इतका पुरावा हाती लागला नाही. हे मी प्रत्येक कंपनीला आधीच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वंही व्यवस्थापकांना प्रशिक्षण द्या म्हणतात, पण त्याबरोबरच कामाच्या रचनेला हात घाला म्हणतात. दर आठवड्याला पाळी बदलत असेल, पुढच्या पाळीचा बोर्ड आदल्या संध्याकाळी लागत असेल, लघवीला जायला बदली माणूस मिळत नसेल, तर त्या ठिकाणी मी कितीही चांगलं शिकवलं तरी माणसं आजारी पडत राहतील. म्हणून व्यवस्थापनाला द्यायच्या अहवालात मी वर्गात निघालेल्या अशा तक्रारी नावांशिवाय लिहिते.

कंत्राटी कामगारांना यात घ्यायचं का?

त्यांना आधी घ्या. उद्या नाव कापलं जाईल ही भीती ज्याच्या डोक्यावर आहे, गाव दूर आहे, आठ जण एका खोलीत राहतात, त्याची झोप सगळ्यात आधी उडते. आणि त्याला विचारणारं कुणी नसतं. बिहार-झारखंडहून आलेल्या मुलांसाठी हिंदीतून बोलू शकणारा एक तरी प्रशिक्षित माणूस प्रत्येक पाळीत हवा. टेली-मानसवर हिंदीतूनही बोलता येतं, तो क्रमांक त्यांच्या खोलीपर्यंत पोचवा.

ऐकून ऐकून माझीच झोप उडाली आहे. मी काय करू?

आधी मला किंवा तुमच्या प्रशिक्षकाला फोन करा. नाव न घेता बोलता येतं, त्याने कुणाचा विश्वास मोडत नाही. एका माणसाला एकट्याने किती दिवस सांभाळायचं याची मर्यादा ठरवा आणि सेक्शनमधल्या दुसऱ्या प्रशिक्षित सहकाऱ्याला, त्या माणसाच्या संमतीने, सोबत घ्या. रात्री अकरानंतर फोन उचलणार नाही असं ठरवलंत तरी चालेल, फक्त त्याला ते आधी सांगा आणि त्या वेळेसाठी १४४१६ त्याच्या फोनमध्ये स्वतः सेव्ह करून द्या. आणि दोन आठवडे होऊनही तुमची झोप परतली नाही, जेवण जात नाही, तर तुमच्या डब्याकडेही कुणीतरी बघायला हवं. त्या शॉपमध्ये ते कोण बघेल, त्याचं नाव प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी आम्ही प्रत्येकाकडून चिठ्ठीवर लिहून घेतो. ती चिठ्ठी ज्याची त्याने खिशात ठेवायची असते.